पिकलेला हात

माझी मुलगी ओझाना हाताकडे बघून बाबासू माडाची फळं फोडू लागली, तेव्हाच मला कळलं होतं. कळूनही मी गप्प बसले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांना शिव्या घालणार आहे, आणि त्यातली पहिली माझ्या वाट्याची आहे.

फोडणारी बाई हाताकडे बघत नाही. कुऱ्हाडीचा दांडा मांडीखाली दाबून पातं आभाळाकडे करायचं, डाव्या हाताने फळ पात्यावर टेकवायचं आणि उजव्या हातातलं दांडकं हाणायचं. फळ फिरवायचं, पुन्हा हाणायचं. करवंटी उकलली की आतले बियांसारखे गर टोपलीत. या सगळ्यात नजर समोरच्या बाईच्या तोंडावर असते, कारण ती कोणाच्या तरी नवऱ्याबद्दल बोलत असते. पातं कुठे आहे, फळ किती कलंडलंय, शिरा कुठून गेल्यात, बोट कधी मागे घ्यायचं, हे बोटांनी बघायचं. डोळ्यांनी त्यात पडू नये.

ओझानाचे डोळे त्यात पडू लागले. एप्रिलमध्ये असेल. ती फळ हातात घ्यायची, मान खाली घालायची, फळ नीट बसलंय का ते बघायची आणि मग हाणायची. मी शेजारीच बसलेली असायचे. ती दहा वर्षांची असताना मीच तिला शिकवलं होतं, डोळ्यांवर फडकं बांधून, माझा हात तिच्या हातावर ठेवून. आता ती एकोणतीस वर्षांची, आमच्या सेंत्रो दो अनास्तासियो गावातली सगळ्यात जलद हाताची. आणि ती मान खाली घालून फोडत होती.

"मान दुखते का गं?" मी विचारलं.

"नाही. का?"

"काही नाही."

इतकंच. याच्यापुढे मी विचारलं नाही.

मे महिन्यात एक दिवस आम्ही अकरा जणी मोठ्या माडाखाली बसलो होतो. ओझाना दुकानदाराच्या बायकोची नक्कल करत होती आणि बाया पोट धरून हसत होत्या. नकलेच्या भरात ती खाली बघायला विसरली. मध्येच माझी जुनी मैत्रीण फ्लोरिपे हिने सामाईक टोपलीतला एक गर उचलून वर धरला.

"अगं, हे लाल कशाने?"

टोपलीत वरचा सगळा थर लाल झाला होता. दहा जणींनी दांडकी खाली ठेवून आपापली बोटं चाचपली. अकरावी नक्कल करतच होती, आणि हाणतही होती. दर घावासरशी तिच्या डाव्या करंगळीतून रक्त उडत होतं.

"ओझाना! करंगळी बघ!"

तिने बघितलं. आत पांढरं हाड दिसत होतं. ती त्याच्याकडे अशी बघत राहिली, जशी कोणी दुसऱ्याची चप्पल आपल्या दारात बघावी.

"अगं बाई," ती म्हणाली, "हे केव्हा झालं?"

आणि फ्लोरिपेने टाळी वाजवली. "पिकला! पोरीचा हात पिकला!"

आमच्यात हा शब्द आहे. नवी फोडणारी रडते, बोटं चोखते, करवंटीचा तुकडा नखात गेला की आईला हाका मारते. तिचा हात कच्चा. वर्षं जातात, चामडी जाड होते, ती रडायची थांबते. मग म्हाताऱ्या म्हणतात, पिकत आला. आणि जिला घावच कळत नाही, ती पिकली. अशा बाईला आमच्यात मान. तिला माडाच्या बुंध्याजवळची सावली मिळते. माझ्या आयुष्यात मी अशा चौघी बघितल्या. त्यांची पुढे काय गत झाली, हे आम्ही कधी एकमेकींना विचारलं नाही. मूर्ख बाया आम्ही. न दुखण्याला आम्ही बक्षीस देत होतो.

जूनमध्ये संत योहानाच्या सणाला अंगणात शेकोटी पेटली. पिकलेल्या हाताची बाई त्या दिवशी शेकोटीतला निखारा बोटांत धरते आणि म्हाताऱ्यांच्या चिलमी पेटवत फिरते. निखारा या हातातून त्या हातात उडवायचा नाही. ओझानाने एका निखाऱ्यावर सात चिलमी पेटवल्या. पाचवी फ्लोरिपेची, सातवी माझी. ती वाकली, तिची बोटं माझ्या नाकाजवळ आली आणि मला वास आला.

तो वास मला ठाऊक होता. माझा बाप बोटांत विडी धरून बसायचा, विडी संपत यायची, बोटांपर्यंत जळायची, आणि त्याला ते वासावरूनच कळायचं. तो हसायचा. मी सात वर्षांची असताना सरकारी गाडी आली. दोन माणसांनी त्याला खळ्यात उभं केलं, डोळ्यांवर हात ठेवायला लावला, आणि कोंबडीच्या पिसाने त्याच्या अंगावर इथे तिथे टेकवत विचारलं, कुठे लागलं सांग. त्याने सांगितलं नाही. त्याला गाडीत बसवलं. त्याची झोळी, पांघरूण, बसायचं बाकडं, सगळं अंगणात जाळलं. आई म्हणाली, कोणी विचारलं तर सांगायचं, रबराच्या जंगलात कामाला गेलाय. मी साठ वर्षं तेच सांगत आले. नवऱ्याला तेच सांगितलं, मुलीलाही तेच.

तर मला वास आला. मी चिलीम ओढली आणि टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात माझ्या टाळ्या.

मला वाटत होतं, मी तोंड उघडलं तर गाडी येईल.

जुलैमध्ये ओझाना स्वतःच दवाखान्यात गेली, करंगळी भरत नव्हती म्हणून. मी सोबत गेले. आमच्या दवाखान्यात डॉक्टर फक्त गुरुवारी येतो, शहरातून, गाडीने, आणि अकराला परत जातो. त्या दिवशी तो आलाच नव्हता. झांदिरा नर्सने करंगळी धुतली, पट्टी बांधली. कोपराखाली एक फिकट डाग होता, तळहाताएवढा, त्यावर लव उगवत नव्हती.

"हे गजकर्ण," झांदिरा म्हणाली. "मलम देते. दिवसातून दोनदा."

"आणि बोटांना काही कळत नाही," ओझाना म्हणाली. "सुई टोचली तरी."

"फोडणारीचा हात आहे गं तुझा. माझ्या आईचाही तसाच होता, उकळत्या पातेल्यात बोट घालून मीठ चाखायची."

दोघी हसल्या. मी भिंतीला टेकून उभी होते. एक शब्द पुरला असता.

मलम संपलं, दुसरं आणलं, तेही संपलं. आमच्याकडचा वर्षअखेरचा पावसाळा लागला, जानेवारी आला. एका सकाळी ओझाना टेबलावर कसाव्याच्या पिठाची भाकर थापत होती आणि मी बघितलं की तिच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं पिठावर सपाट पडत नाहीत. ती आत वळली होती. जणू हात काहीतरी लपवून धरतोय.

गाडीत बसताना माझ्या बापाने निरोपाला हात वर केला होता. त्याची बोटं तशीच होती.

"उद्या गुरुवार आहे," मी म्हणाले. "दवाखान्यात जायचं."

"पुन्हा? मलम आणायला? ते मलम भाकरीला लावलं असतं तर भाकर तरी मऊ झाली असती."

"जायचं म्हटलं ना!"

ती बघत राहिली. मी तिच्यावर कधी ओरडत नाही.

दवाखान्यात त्या दिवशी अठ्ठावीस माणसं होती, बहुतेक आसपासच्या गावांतल्या फोडणाऱ्या बायाच. डॉक्टरांच्या खोलीचं दार उकाड्यामुळे उघडंच होतं. आम्ही दारासमोरच्या बाकावर बसलो आणि मला त्यांच्या डोक्यामागे एक मोठा कागद दिसला. मी अक्षरं शिकले ती बावन्नाव्या वर्षी, बायांच्या संघटनेच्या वर्गात. अजूनही मी हळू वाचते, ओठ हलवत. पण त्या दिवशी वेळच वेळ होता. मी वाचलं: अंगावर डाग आहे? डागाला स्पर्श, ऊन, गार कळत नाही? दवाखान्यात या. औषध फुकट आहे. घरी राहूनच बरे व्हा.

शेवटची ओळ मी चार वेळा वाचली. घरी राहूनच.

गाड्या बंद झाल्या होत्या. केव्हाच बंद झाल्या होत्या, कागदाचे कोपरे पिवळे पडले होते. मला कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही, कारण विचारायला तोंड उघडावं लागलं असतं. आणि वर लिहिलंय, दवाखान्यात या! आम्ही दवाखान्यात आलो होतो. त्याच भिंतीखाली उभं राहून गजकर्णाचं मलम घेऊन गेलो होतो. राग माझ्या कानांपर्यंत चढला.

नंबर आला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी टेबलापलीकडूनच ओझानाचा हात बघितला.

"फोडता का?"

"हो."

"मग असंच होतं. चामडी जाड झाली की कमी कळतं. जखमेमुळे बोटं आखडलीत. गरम पाण्याचा शेक द्या."

"शेक?" मी म्हणाले. "हिला निखारा कळत नाही, आणि तुम्ही शेक द्या म्हणता? हात शिजवून खायचाय का?"

"मावशी, हळू बोला."

"तुमच्या मागे काय लावलंय ते वाचा."

त्यांनी मागे बघितलं नाही. "मावशी, बाहेर गर्दी आहे."

"मग मी वाचते." आणि मी उभी राहून वाचलं, एकेक अक्षर लावत, मोठ्याने. बाहेरच्या बाया मान वळवून ऐकू लागल्या. मला एक ओळ वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ते तीन रोगी काढत असतील.

"ती तपासणी करायला अंगाला टेकवायच्या नायलॉनच्या दोऱ्या लागतात," ते म्हणाले, "त्या संपल्यात. मागवल्यात. पुढच्या महिन्यात या."

"दोऱ्या संपल्यात." मी डोक्यातला एक केस उपटला. पांढरा, लांब. टेबलावर ठेवला. "ही घ्या दोरी. अजून हव्यात तर अजून आहेत."

ओझाना म्हणाली, "आई, बस खाली."

"नाही बसत. डॉक्टर, तुम्ही म्हणता चामडी जाड झाली की कळत नाही. हा माझा हात बघा. पंचावन्न वर्षं फोडतेय. हिच्या तिप्पट. तुमचं खरं असेल तर मला काहीच कळायला नको. झांदिरा, ये इकडे."

झांदिरा औषधाच्या कपाटाजवळ उभी होती. तिने डॉक्टरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग येऊन केस उचलला.

"डोळे मिटा, काकू."

मी मिटले. तळहात वर करून टेबलावर ठेवला. या हातावर घट्टे आहेत, चिरा आहेत, दोन नखं नाहीत. पण हात काही मेलेला नाही. घट्ट्याखाली कान लावून बसलेला असतो तो. फळ नुसतं पेललं तरी आत तीन गर आहेत की चार ते मला कळतं.

"करंगळीच्या मुळाशी," मी म्हणाले. "आता अंगठ्यावर. आता मधल्या बोटाच्या टोकाला. आता... आता लावलाच नाहीस, फसवतेस. आता मनगटावर, आणि केस वाकडा धरलायस."

बाहेरच्या बाया हसल्या. कोणीतरी म्हणालं, "डॉक्टर, म्हातारीला नोकरी द्या."

"आता हिचा," मी म्हणाले.

ओझानाने डोळे मिटले. डावा हात पुढे केला. झांदिरा वाकली. मी बघत होते: करंगळी. करंगळीच्या शेजारचं बोट. तळहाताची कड. डाग. पुन्हा डाग. पुन्हा करंगळी.

ओझाना वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावर, लहानपणी फडकं बांधल्यावर यायचं, तसं हसू होतं.

"सुरू कर ना गं," ती म्हणाली.

झांदिराने नऊ वेळा केस टेकवला होता.

ओझानाने डोळे उघडले आणि आमच्या तोंडांवरून तिला कळलं. हातावरून नाही, आमच्या तोंडांवरून.

मग डॉक्टर उठले. खरंच उठले, टेबलाला वळसा घालून आले. त्यांनी तिचं कोपर चाचपलं आणि आतल्या बाजूला त्यांची बोटं थांबली. शीर सुतळीसारखी जाड झाली होती. त्यांनी दोन काचेच्या नळ्या मागवल्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. डागावर दोन्ही सारख्याच. आता त्यांना बाहेरची गर्दी आठवत नव्हती.

"हॅन्सनचा आजार आहे," ते म्हणाले.

"म्हणजे महारोग," ओझाना म्हणाली.

"आता तसं म्हणत नाहीत."

"का? नाव बदललं की बोटं सरळ होतात?"

ते म्हणाले, "हा बरा होतो. पूर्ण बरा होतो. बारा महिने गोळ्या. पहिल्या आज इथेच, माझ्यासमोर. लघवी लाल होईल, घाबरू नका. चामडी थोडी काळवंडेल."

"अजून काळी?" ओझाना म्हणाली. "मग तर मी अंधारात दिसणारच नाही." पण ती हसत नव्हती. "आणि बोटं?"

"रोग थांबेल. पुढे काही जाणार नाही. पण ही दोन... शीर फार दिवस दबली. जरा आधी आला असतात, सहा-सात महिने आधी..."

"आलो होतो!" आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

झांदिराने कपाटातून कार्ड काढलं. जुलै. गजकर्ण. मलम. ती ते हातात धरून उभी राहिली. "हे माझं अक्षर आहे," ती म्हणाली. डॉक्टरांनी कार्डाकडे बघितलं नाही. झांदिराने बघितलं तरी, एवढं तिच्या बाजूने लिहून ठेवते.

ओझाना माझ्याकडे वळली. "केस टेकवून बघायचं, हे तुला कुठून ठाऊक?"

"माझ्या बापाला असंच बघितलं होतं. पिसाने."

"तो रबराच्या जंगलात गेला होता ना?"

"नाही."

मी मनातल्या मनात मोजत होते, ती कुठवर पोचली असेल. एप्रिल. मे. जून.

"सणाला तू टाळ्या वाजवल्यास," ती म्हणाली.

"हो."

"तुला माहीत होतं."

"वास आला होता."

"आणि टाळ्या वाजवल्यास."

मी काय सांगणार होते? की मला गाडीची भीती वाटली? गाडी नव्हतीच. माझ्या भीतीने माझ्या मुलीची दोन बोटं खाल्ली, आणि ती भीती कोणी पेरली त्यांची नावंसुद्धा मला ठाऊक नाहीत, नाहीतर तीही इथे लिहिली असती.

"माझ्याशी बोलू नकोस," ओझाना म्हणाली. "आज नाही. मी सांगेन तेव्हा बोल."

झांदिराने गोळ्या दिल्या, पाण्याचा पेला दिला. ओझानाने गोळ्या उजव्या हाताने घेतल्या, एकदम तोंडात टाकल्या आणि पेला रिकामा केला. डॉक्टरांनी कार्डावर लिहिलं, घड्याळ बघितलं आणि बॅग उचलली. अकरा वाजून गेले होते. बाहेर गाडीवाला इंजिन चालू करून बसला होता.

ओझाना दारापर्यंत गेली. बाकावर एक बाई होती, दुसऱ्या कुठल्या तरी गावची, हातात फोडणारीचं दांडकं. तिने ओझानाच्या पाठीवर थोपटलं.

"घाबरू नकोस गं. हे डॉक्टर लोक कशालाही काहीही नाव देतात. माझाही हात पिकलाय दोन वर्षं झाली. आमच्याकडे मला मेणबत्ती धरायला बोलवतात, विझेपर्यंत."

ओझाना तिच्याकडे बघत राहिली. मग तिने त्या बाईचं मनगट पकडलं, उठवलं, ओढत आत आणलं आणि खुर्चीत बसवलं.

"ही पण," ती म्हणाली.

"पुढच्या गुरुवारी," डॉक्टर म्हणाले. "मला शहरात दुसरा दवाखाना आहे."

"ही पण, डॉक्टर. आणि बाहेर ज्या बसल्यात त्या सगळ्या."

"हे बघा, मी समजू शकतो, पण..."

ते दाराकडे निघाले. तेव्हा मी दारात बसले. उंबऱ्यावर, पाय पसरून, जशी कुऱ्हाड मांडीखाली घेऊन बसते तशी. रुंद बाई आहे मी. दार अरुंद होतं.

"मावशी, उठा."

"उठवत नाही. गुडघे धरलेत."

"मघाशी तर उभ्या होतात."

"मघाशी राग नुसता कानांत होता. आता गुडघ्यांत उतरलाय."

बाकावरच्या बाया उठून माझ्यामागे उभ्या राहिल्या. त्या माझ्यासाठी आल्या की नुसतं बघायला आल्या, ते मला माहीत नाही. पण त्यांच्या पायांमुळे दार आणखी अरुंद झालं. डॉक्टर बॅग हातात धरून उभे होते. त्यांच्यामागे झांदिराने खुर्चीतल्या बाईचा हात टेबलावर उलटा केला होता.

"डोळे मिट," ओझाना त्या बाईला म्हणाली. माझ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही.

"मिटले. आता?"

"कुठे लागतंय ते सांग."

बाहेर गाडीवाल्याने भोंगा वाजवला. पुन्हा वाजवला.

"वाजव रे मेल्या, वाजव," मी म्हणाले, आणि पाय आणखी पसरले.